हर्नियाला घेऊन हिमालयात

नवऱ्याला हर्निया आहे हे मला मरोळच्या आमच्या डॉक्टरांकडून कळलं, नवऱ्याकडून नव्हे. तो म्हणत होता, "गॅस आहे." डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला, खोकायला लावलं आणि म्हणाले, "ऑपरेशन करून घ्या. छोटं असतं. लांबवू मात्र नका." नवऱ्याने शहाण्या मुलासारखी मान डोलावली आणि जिना उतरताना म्हणाला, "गणपतीनंतर बघू."

गणपती झाले, दिवाळी झाली. मग शिमग्याला गावी जायचं होतं, कारण याला पालखी नाचवायची होती. हर्निया घेऊन पालखी! मी काय कमी बोलले? पण आमच्या घरात माझं बोलणं म्हणजे पंख्याचा आवाज. चालू असला तरी कुणाला ऐकू येत नाही. अशी दोन वर्षं गेली आणि हर्निया मजेत वाढत राहिला.

खरं सांगायचं तर माणूस घाबरतो. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर लोखंड कापतो, ठिणग्या उडतात, तेव्हा काही नाही. पण सुई दिसली की याचं तोंड शेंगदाण्याएवढं होतं. मीही घाबरतच होते, माझं कारण वेगळं. वाकोल्याला माझ्या माहेरी माझ्या काकांना हेच दुखणं होतं. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता एके दिवशी आतडं अडकलं आणि काका गेले. धडधाकट माणूस हो. त्यामुळे हा पोटाला हात लावून वाकला की मी हातातलं काम टाकून धावायचे.

अशात याच्या मित्रांनी ठरवलं, मोटारसायकलने मनाली ते लेह जायचं. पाच जण, सगळे मालवणकडचे, सगळे पन्नाशीच्या आसपास. एकाने लगेच व्हॉट्सॲप ग्रुप काढला, म्हणून त्याला सगळे ॲडमिनच म्हणायला लागले. सगळ्यात थोरले आबा, नोकरीतून निवृत्त, गुडघे आधीच कुरकुरणारे. पाचांपैकी एकालाही जिना चढून आल्यावर एका दमात पाणी मागता येत नव्हतं, आणि हे निघाले हिमालयात!

"माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही," मी सांगितलं.

मग पैज लागली. आमच्या सोसायटीच्या गेटवर, चौघे मित्र साक्षीला ठेवून, नवरा म्हणाला, "मी अख्खी राइड स्वतः चालवली, तर ऑपरेशनचं नाव काढायचं नाही. आणि एकदा जरी मागच्या टेम्पोत बसलो, तर परत आल्यावर सरळ ॲडमिट होईन."

सामान आणि स्पेअर पार्ट वाहायला एक टेम्पो बरोबर असणार होता. मी म्हटलं, चालेल, पण टेम्पोत मी बसणार. नवऱ्याचा चेहरा पडला, आणि ॲडमिन म्हणाला, "वहिनी, झकास! जेवणाची सोय झाली."

तर अशी मी हिमालयात गेले, नवऱ्याची फजिती व्हावी म्हणून देवाला विनवत. हसू नका. कुठली बायको असं करेल? पण मला दुसरा मार्गच ठेवला नव्हता त्याने. मी ड्रायव्हर आणि माझ्या मधली सीट त्याच्यासाठी मोकळी ठेवली. तिच्यावर घरून आणलेली गोधडी अंथरली, थर्मासात आल्याचा चहा ठेवला. दर थांब्यावर खिडकीतून गोड आवाजात विचारायचे, "अहो, पाठ दुखत असेल ना? जरा पाच मिनिटं बसता का?"

"नाही," नवरा म्हणायचा. चहाचा वास नाकात गेला की डोळे मिटायचा, पण बसायचा नाही. चहा उभ्याने प्यायचा.

ड्रायव्हर तिथलाच, हिमाचलचा. मी गरम भाताबरोबर द्यायला सुकटाची चटणी नेली होती. डबा उघडला की तो बिचारा सगळ्या काचा खाली करायचा. बाहेर बर्फाचा वारा, आत सुकट, आणि मधे आम्ही दोघं कुडकुडत बसलेलो. दुसऱ्या दिवशी मी त्याला पैज सांगितली आणि तो माझ्या बाजूने झाला. नवऱ्याच्या मोटारसायकलीमागे टेम्पो अगदी हळू घ्यायचा आणि म्हणायचा, "भाभीजी, आज बैठ जायेंगे."

कसले बसतायत! माझ्यासमोर दिवसभर नुसती नवऱ्याची पाठ. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण इतका वेळ मी कधी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. खड्डा आला की डावा हात हँडलवरून निसटून पोटावर जायचा आणि लगेच परत यायचा. त्याला वाटायचं, कुणी बघत नाही. मी प्रत्येक खड्डा त्याच्याबरोबर खाल्ला.

बारालाचाची खिंड चढायच्या दिवशी आमची वाट लागली. तिकडे ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि रस्त्यावरून नाले वाहायला लागतात. आम्ही सकाळी लवकर निघायचं ठरवलं होतं. पण आबांचं पोट साफ होईपर्यंत कुणी हलायचं नाही, हा ग्रुपचा नियम, आणि त्या दिवशी आबांचं पोट ऐकेना. नाल्यापाशी पोचलो तेव्हा पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं. चौघे कसेबसे पार झाले आणि वळणापलीकडे दिसेनासे झाले. नवरा शेवटचा. बरोबर मधोमध चाक दगडात अडकलं आणि इंजिन बंद पडलं.

ड्रायव्हर खूश होऊन माझ्याकडे वळला. "हो गया, भाभीजी!"

झालंच होतं. मला फक्त बसून राहायचं होतं. पाय गारठले की आपण होऊन टेम्पोत येईल, गोधडीवर बसेल, आणि मुंबईला गेल्यावर ॲडमिट. मी थर्मासाचं झाकणसुद्धा उघडलं.

पण हा आला नाही. पाण्यात उतरला, वाकला आणि ती अवजड मोटारसायकल दोन्ही हातांनी उचलायला लागला. उचलायला! हर्निया असलेला माणूस! एकदा जोर लावला, थांबला, पोट धरलं, परत वाकला. मला माझे काका दिसले.

मग मी काय केलं ते मला आठवत नाही, ड्रायव्हरने नंतर सांगितलं. म्हणे मी दार उघडून बुटांसकट पाण्यात उडी मारली आणि नाल्याच्या आवाजावर आवाज चढवून ओरडले, "सोडा! सोडा ती! हात लावाल तर याद राखा! मेल्या, मला विधवा करायची आहे का?" पंचवीस वर्षांत मी त्याला पहिल्यांदा मेल्या म्हटलं. त्याने घाबरून हात सोडला. मी त्याला मोटारसायकलवर बसवलं, स्वतः मागे गेले आणि ढकलायला लागले. पाणी इतकं थंड की पाय आहेत की नाहीत कळेना. ड्रायव्हरही आला, देवाचं नाव घेत. मागून आम्ही दोघं, पुढे हा महाराजासारखा बसलेला. गाडी हलली, इंजिन धडधडलं आणि नवरा पार झाला. मी नाल्यात उभी राहून रडले. आपल्या हाताने पैज हरले होते.

खिंडीत वर पोचलो, ड्रायव्हरने सगळं सांगितलं आणि मित्रांनी तिथेच कोर्ट भरवलं. ढकलत आणलं म्हणजे हार धरायची का? ॲडमिनने विचार केला. "पैज टेम्पोत बसण्याची होती. ढकलण्याबद्दल काही ठरलं नव्हतं. वहिनी, सॉरी." नवऱ्याने दोन्ही हात वर केले. पुढे आणखी खिंडी होत्या, पण सगळ्यात वाईट नाला मागे पडला होता, म्हणजे तो जिंकल्यातच जमा होता.

तिथे दगडांचा ढीग होता, रंगीत पताका फडफडत होत्या. आबांनी बॅगेतून नारळ काढला. इतक्या उंचावर देवाच्या दारात आलो आणि गाऱ्हाणं घातलं नाही, असं मालवणी माणसाकडून होत नाही. एकाने देवाला मोठ्याने साकडं घालायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लहानपणापासून ही सवय हाडात मुरलेली असते. वाक्य काय आहे ते कोण ऐकतं?

आबांनी टोपी काढली. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरा... तुझ्या पायाकडे..." आणि आबांचा श्वास संपला. त्या हवेत श्वास पुरतो कुठे! ते दगडावर बसले, छाती धरून हातानेच खुणावायला लागले, कुणीतरी पुढे न्या. गाऱ्हाणं अर्धवट सोडायचं नसतं. पण बाकीचेही माशासारखे तोंड उघडून उभे. मी टेम्पोतून आले होते, माझा दम शाबूत होता. मी आबांच्या हातातून नारळ घेतला.

"बायका गाऱ्हाणा घालनत नाय," ॲडमिन पुटपुटला. पण भांडायलाही श्वास लागतो.

"बा देवा म्हाराजा!" मी खणखणीत सुरुवात केली. "ही पाचय जणा सुखरूप घराक पोचांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो माझो घोव डोंगराक भियणा नाय, पण सुयेक भियता रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मुंबयक गेल्यार आठ दिसांत ह्येचा ऑपरेशन होवंदे, आणि ह्यो आपल्या पायान चलत घराक येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज नवऱ्याचा होता. हात जोडलेले, डोळे मिटलेले. मग त्याने एक डोळा उघडला. मग दुसरा.

"झाला!" आबा दगडावरून धापा टाकत म्हणाले. "देवान आयकल्यान. आता मागे... फिराचा नाय." आणि मी नारळ दगडावर आपटला.

"ही चीटिंग आहे!" नवरा ओरडला. ओरडल्यामुळे त्याचाही श्वास गेला आणि तो माझ्याशेजारी खाली बसला. मित्र हसत फोटो काढायला गेले. मी ओले मोजे पिळत होते. त्याने एक माझ्या हातातून घेतला आणि पिळायला लागला.

मग हळूच म्हणाला, "भूल देतात तेव्हा तू आत असशील ना गो?"

"आत नाही सोडत हो."

"मग दाराला टेकून उभी राहा. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. मगाशी नाल्यात ओरडलीस तसं. तुझा आवाज येत राहिला की मला कळेल, मी अजून आहे."