बेडकीचा विक्रम आणि आईचे हात

आमच्या धाकट्या बहिणीला बंदराचा सगळा धक्का बेडकी म्हणतो. नाव मीच ठेवलं. लहानपणी ती टबात तोंड बुडवून अशी निपचित पडायची, की आई हातातलं काम टाकून धावत यायची आणि केसाला धरून वर ओढायची. "मेले, जीव घेशील एक दिवस माझा!" ही आपली खी खी हसतेय!

शाळेत काही मन लागलं नाही, तेव्हा बोटींच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचं काम धरलं. बाकीचे पाठीवर हवेची टाकी बांधून उतरायचे, ही हातात नुसतं खरवडणं घेऊन. "टाकी भरायला रांगेत कोण उभं राहणार?" असली आळशी! एकदा एका बाईंनी तिला पाहिलं. त्या निघाल्या एका दमात खोल उतरायला शिकवणाऱ्या. झालं, घराच्या जिवाला घोर लागला.

हा खेळ साधा आहे. समुद्रात दोर सोडतात, त्याच्या टोकाला पट्ट्या लावतात. एका दमात खाली जाऊन एक पट्टी तोडून आणायची. खरी परीक्षा मात्र वर आल्यावर. चष्मा काढायचा, बोटांनी खूण करायची, 'मी ठीक आहे' म्हणायचं, तेही चटकन. तोवर कुणी नुसतं बोट लावलं तरी सगळं बाद.

गेल्या वर्षी देशाचा विक्रम हातात आलेला. बेडकी वर आली, ओठ निळे, मान जराशी कलली. दोराशेजारच्या तराफ्याच्या काठावर आई बसली होती. तिने खसकन दंड धरला. पंचांनी लाल कार्ड दाखवलं.

"जाऊ दे गं आई," बेडकी म्हणाली आणि खरंच विसरून गेली. आई विसरली नाही. माझ्या शिवणाच्या दुकानात ती काजं करते. त्या आठवड्यात केलेली काजं पुन्हा उसवत बसायची. मी चिडले तर म्हणाली, "पोरीच्या कष्टावर पाणी फिरवलं मी."

यंदा कानाच्या डॉक्टरांनी बजावलं, एवढं खोल आता एकदाच, मग बास. म्हणजे हा शेवटचाच प्रयत्न. आई म्हणाली, मी घरीच बसते. बेडकी हटून बसली, "तू नसशील तर मी उतरतच नाही." दोघींच्या मध्ये माझ्या नाकी नऊ आले. शेवटी गेलो तिघी.

बेडकी दम घेऊन गेली खाली. दोर पाण्यात सरळ उतरलेला, बाकी काहीच दिसेना. आई एकदम माझ्याकडे वळली. माझ्या गळ्यात मापाची टेप तशीच राहिली होती.

"ती टेप काढ. माझे हात बांध."

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"बांध म्हणते ना!"

बांधले. चांगली घट्ट गाठ मारली.

मग डोकं वर आलं. मोठा श्वास घेतला तिने, पण चष्म्याचा पट्टा केसांत अडकला. ती ओढतेय, तो निघत नाही. ओठ तेच निळे. तोंडातून शब्द नाही. आईचे हात मी बांधले, माझे कोण बांधणार? मी उठून काठाकडे झेपावलेच.

आईने माझ्या पदरावर पाय दिला. "बस खाली! हात लावलास तर खबरदार!" ओरडताना तिच्या डोळ्यांतून धारा चालल्या होत्या, पाय मात्र हलला नाही.

चष्मा निघाला. बोटांची खूण झाली. "मी ठीक आहे," बेडकी घोगऱ्या आवाजात म्हणाली आणि मुठीतली पट्टी वर धरली. पंचांनी पांढरं कार्ड उंचावलं. माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच फतकल मारून भोकाड पसरलं, लाज कसली!

"आता लावू का हात?" आईने पंचांना विचारलं.

"लावा हो, खुशाल लावा!"

मी गाठ सोडायला गेले तर ती सुटेना. माझीच गाठ ती! आई माझ्यावर खेकसायला लागली. तेवढ्यात बेडकी तराफ्यावर चढली, आईसमोर गुडघ्यांवर बसली आणि त्या बांधलेल्या हातांखालून आपलं ओलं डोकं आत घातलं.

मग मी गाठीचा नाद सोडला.