मनगटावरच्या खुणा

“मार आहे, इतकें तुमच्या तोंडून येऊं द्या डॉक्टर. पुढचें मी पाहतों,” वेंकटराव म्हणाले.

त्यांची मुलगी रखुमा टेबलावर पडून होती. दंडावर, मांडीवर, पाठीवर निळे-काळे डाग. काही जुने, हिरवट-पिवळे झालेले. अंगात ताप राहतो म्हणून ती तिरुभुवनम्‌हून माहेरी कुंभकोणमला आली होती, आणि न्हाऊ घालताना आईने हे पाहिलं. नवरा राघोबा तिकडे रेशमी साड्यांच्या सोसायटीत माल तपासायला होता. वेंकटरावांचं पितळी भांड्यांचं दुकान. आमच्या मराठी लोकांच्या भजनमठात त्यांचा शब्द चाले. माझा दवाखाना मठाच्याच गल्लीत, मागे चार खाटा.

“अप्पा, त्यांनी नाही मारिलें,” रखुमा म्हणाली.

“हिचें ऐकूं नका. नवऱ्यास कोण बोल लावील?”

मी तिला तोंड उघडायला लावलं. हिरड्यांतून रक्त झिरपत होतं, ओठ पांढरेफटक. हिरड्यांवर कोणी मारत नाही. बोटातून रक्ताचा थेंब घेतला, काच मायक्रोस्कोपखाली ठेवली. दुसरा थेंब घेऊन पुन्हा पाहिलं. रक्तात ते गोठवणारे बारीक कण असतात, प्लेटलेट. ते जवळपास नव्हतेच. पांढऱ्या पेशी मात्र भरमसाट, आणि सगळ्या कच्च्या, अर्धवट वाढलेल्या. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. प्लेटलेट नसले की खाटेची कड लागली तरी कातडीखाली रक्त पसरतं आणि डाग उठतो. त्या काळी यावर माझ्याकडे इलाज नव्हता. मद्रासच्या मोठ्या डॉक्टरांकडेही नव्हता. रक्त चढवायचं आणि वाट पाहायची.

वेंकटरावांना बाजूला घेऊन हे सगळं सांगितलं. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाचं ऐकावं तसं त्यांनी ऐकून घेतलं.

“रोग असेल. मारही असेल,” ते म्हणाले. “नाही तर त्यानें सत्य कां केलें नाही?”

ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना माहीत होती. खरंखोटं करायची तमिळ रीत आमच्या लोकांतही मुरलेली. देवापुढे जळता कापूर तळहाताने विझवायचा आणि शपथ घ्यायची. डाग दिसल्यावर राघोबाला मठात बोलावून ‘मीं हिच्या अंगावर कधीं हात टाकिला नाही’ असं म्हणायला सांगितलं होतं. कापूर जळून संपला तरी त्याने हात पुढे केला नाही. सगळ्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. तेव्हापासून रखुमाला भेटायची त्याला बंदी.

तिला मी मागच्या खाटेवर ठेवून घेतलं. तो माझ्या दवाखान्याच्या ओट्यावर बसून असे. मी विचारलं, “सत्य करून मोकळे कां झाला नाहींत?”

“लग्नाच्या वर्षीं एकदां मारिली होती डॉक्टर. गालावर. भात करपला म्हणून. ‘कधीं नाही’ असें देवापुढें लटकें कसें बोलूं?”

मला त्याचा रागच आला. तो खरेपणा काय चाटायचा होता? आत बायको मरत होती आणि हा बाहेर ओट्यावर.

रखुमाचं रोज एकच मागणं. “त्यांस आंत येऊं द्या.”

शेवटी मी ब्लडप्रेशरचा पट्टा घेतला आणि वेंकटरावांना खाटेपाशी उभं केलं. पट्टा तिच्या दंडाला बांधला, हवा भरली आणि काही मिनिटं तसाच ठेवला. धडधाकट माणसाच्या हाताला याने विशेष काही होत नाही. पट्टा सोडला तर कोपराखाली लाल-जांभळे ठिपके उठले होते, मोहरी सांडल्यासारखे.

“हे कोणीं मारिलें, वेंकटराव? मींच ना?”

त्यांनी एक ठिपका बोटाने दाबून पाहिला. तो पुसट झाला नाही. मग ते ओट्यावर गेले आणि खाली मान घालून म्हणाले, “आंत या, राघोबा.”

राघोबा आत आला आणि त्याने तिचं मनगट धरलं. कोणीही धरेल तसंच, घट्ट. दोघं रडायला लागली तसा मी बाहेर आलो. निदान एवढं तरी जमलं, असं मला त्या दिवशी वाटलं.

सकाळी राउंडला गेलो. तिच्या मनगटावर चार निळी बोटं आणि एक अंगठा स्पष्ट उठला होता. राघोबा त्याकडे पाहत होता. साडीवरचा बारीकसा डागही ज्याच्या नजरेतून सुटत नसे, त्याला हे दाखवावं लागलं नाही.

“हा रोग आहे. तुम्ही कांहीं केलें नाही,” मी म्हटलं.

“माझींच बोटें आहेत डॉक्टर.”

त्यानंतर तो खाटेजवळून हलला नाही, पण हात मांडीखाली दाबून बसे. रखुमा हात पुढे करायची. “धरा कीं.” तो नुसती मान हलवी. मी रागावलो, समजावलं. वेंकटराव तर त्याच्यापुढे हात जोडून म्हणाले, “धरा हो. डाग पडले तर पडूं द्या.” त्याने ऐकलं नाही.

ती गेली तेव्हा तिचा हात खाटेच्या कडेला उघडाच होता. मी नाडी पाहिली आणि नाही म्हणून मान हलवली. मग राघोबाने तो हात दोन्ही हातांत घेतला. तो सोडवायला आम्हाला फार वेळ लागला.

पुढेही असे पेशंट येत राहिले. बरा एकही झाला नाही. नातेवाइकांना मी पहिल्याच दिवशी सांगून टाकायचो, हात लावा, डाग पडतील, पडू द्या.