गुडघ्यावर उचललेलं गेट

ती केस आठवली की मला आधी एक लोखंडी गेट दिसतं. मी तेव्हा चंदीगढमधल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. पुढे नोकरी स्वतःहून सोडली. घरचे त्याला निवृत्ती म्हणतात. इथे कोणाचंही नाव देणार नाही. बोलणी हिंदी-पंजाबीत झाली, ती मराठीत लिहिते आहे.

फिर्यादी एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाई. दुपारी त्या झोपल्या असताना कपाटातला दागिन्यांचा डबा गेला. कुलूप तुटलं नव्हतं. किल्ली चादरींच्या घडीखाली असते हे घरी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं. पुढचं दार आतून बंद होतं. म्हणजे चोर मागच्या गल्लीतून आला. तिथलं गेट एका बिजागरीवर लोंबकळत होतं. ढकललं की फरशीवर घासून असं किंचाळायचं की शेजारी बाहेर येत. त्या दुपारी कोणीच काही ऐकलं नव्हतं.

आमच्या हवालदाराने गेट दोनदा ढकलून पाहिलं. दोन्ही वेळा शेजारीण बाहेर आली. तेव्हा घरकाम करणाऱ्या बाईंनी न विचारताच दाखवलं. कडी सरकवायची, खालच्या पट्टीखाली गुडघा घालून गेट उचलायचं आणि तसंच आत न्यायचं. जरासुद्धा आवाज नाही.

"माताजींची झोप मोडते ना," त्या म्हणाल्या. स्वतःविरुद्धचा पुरावा त्या स्वतःच देऊन बसल्या. फिर्यादी बाईही म्हणाल्या, "हिच्याशिवाय दुसरं कोण?"

त्यात खबर आली. फिर्यादी बाईंचा भाचा विमानतळाजवळच्या एयरोसिटीत राहायचा. त्याने फोन करून सांगितलं की चोरीच्या दुपारी कामवालीला पिशवी घेऊन मनीमाजऱ्याच्या बसमध्ये चढताना त्याने पाहिलं. बाई मनीमाजऱ्यातच राहायच्या आणि रोज पिशवी घेऊनच घरी जायच्या. ठाणेदारांना मात्र एवढं पुरलं.

दोघांचे जबाब मीच तीन-तीनदा घेतले. कामवाल्या बाई गोंधळल्या. एकदा म्हणाल्या तीनला निघाले, मग म्हणाल्या साडेतीन. पिशवीत भाजी होती. मग आठवलं की भाजी आदल्या दिवशीची. भाचा मात्र तीनही वेळा तेच बोलला. "मी गाडीने येतो जी, पुढच्या दाराने. मागची गल्ली मी कधी पाहिलेलीसुद्धा नाही." तेच शब्द, त्याच क्रमाने. 'जी'सुद्धा त्याच जागी.

"बघा, खरा माणूस डगमगत नाही," ठाणेदार म्हणाले.

माझं मत उलटं होतं. मी फार बोलत नाही, त्यामुळे ऐकायला वेळ मिळतो. घडलेलं आठवताना माणूस मनाने तिथे परत जातो. अडखळतो, चुकतो, स्वतःला दुरुस्त करतो. ठरवून ठेवलेलं बोलताना त्याला कुठेच जावं लागत नाही.

"मॅडम, रोजनामच्यात लिहा, बाईने कबुली दिली. अटक करा आणि मोकळ्या व्हा."

"तिने कबुली दिलेली नाही, सर."

"देईल की. तुम्ही लिहा तर."

"नाही लिहिणार."

ठाण्याच्या नोंदी ठेवणारा मुन्शी पेन हातात धरून आमच्याकडे बघत राहिला. मी रजिस्टर ओढलं आणि माझ्या अक्षरात लिहिलं: चौकशी केली, कबुली नाही, सूर्यास्तापूर्वी घरी सोडलं. खाली सही केली.

"कॉन्व्हेंटच्या मुलींना पोलिसात घेतात कशाला!" ठाणेदार उखडले. "उद्या संध्याकाळपर्यंत दुसरा चोर आणा. नाहीतर ती आत, आणि तुम्ही सेक्टर १७ च्या पार्किंगला शिट्टी वाजवायला."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घटनास्थळाचा पुन्हा पंचनामा ठेवला. दोन पंच, हवालदार आणि कामवाल्या बाई आधीच गेटपाशी उभ्या होत्या. भाच्याला जीपमध्ये घेतलं आणि जीप मुद्दाम मागच्या गल्लीत थांबवली. उतरताना त्याच्या हातात दागिन्यांची यादी दिली. "यातलं मासीजींच्या लग्नातलं कोणतं आणि नंतरचं कोणतं, ते चालता चालता सांगा."

"हा हार लग्नातला… बांगड्या… नाही, थांबा, बांगड्या बहुतेक नंतरच्या…" तो पहिल्यांदाच अडखळत होता, कारण पहिल्यांदाच खरोखर आठवत होता.

डोळे कागदावर ठेवूनच तो गेटपाशी पोचला. डाव्या हाताने कडी सरकवली, पट्टीखाली गुडघा घातला, गेट उचललं आणि आत नेलं. आवाज झाला नाही.

कामवाल्या बाई म्हणाल्या, "वाह भैया! मला शिकायला महिना लागला होता."

त्याने गेट सोडलं तेव्हा ते किंचाळलं. "सगळ्या घरांची गेटं अशीच उघडतात जी," तो म्हणाला.

"मग शेजारचं उघडून दाखवा."

शेजारचं गेट त्याने हाताने ढकललं, आपण सगळे ढकलतो तसं.

एवढ्यावर कोर्टात गुन्हा सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी पंचनाम्यात सगळं जसंच्या तसं उतरवलं. ठाण्यावर त्याचा पाठ केलेला जबाब पहिल्याच वाक्यावर अडला, कारण मागची गल्ली कधी पाहिलेलीच नाही हे आता त्याला म्हणता येईना. तासाभरात तो बोलला. डबा त्याच्या फ्लॅटमधून पंचांसमक्ष जप्त केला. कामवाल्या बाईंना पाहून तो गेट उचलण्याची युक्ती शिकला होता आणि मावशी झोपलेली असताना कितीतरी दुपारी त्याने त्या युक्तीचा सराव केला होता.

या केसने मला एक गोष्ट पक्की शिकवली. माणूस आधी आखतो आणि मग घोटतो. पण घोटून घोटून अंगात मुरलेली गोष्ट पुढे आपल्याला विचारून होत नाही. त्याने जिभेसाठी एक योजना केली होती आणि गुडघ्यासाठी दुसरी. दोन्ही पक्क्या होत्या. त्यांची एकमेकींशी गाठ पडेल हे त्याच्या आखणीत नव्हतं. माझ्या आखणीत होतं.

मला पुढच्या महिन्यात पार्किंगला पाठवलंच. मी गेले आणि शिट्टी वाजवली. रोजनामच्यातली ती नोंद माझ्या अक्षरात तशीच आहे, आणि आज कोणी पुन्हा पेन पुढे केलं तरी मी तेच लिहीन.

डबा परत देताना सही घ्यायला मी त्या घरी गेले होते. कामवाल्या बाईही आल्या होत्या, पुढच्या दाराने, मागे राहिलेल्या चपला घ्यायला.

"झालं गेलं विसर," फिर्यादी बाई म्हणाल्या. "उद्यापासून ये."

"ठरवून विसरता येतं का, माताजी?" त्यांनी चपला पिशवीत घातल्या. "गेट दुरुस्त करून घ्या. माझा गुडघा आता नाही मिळायचा."