गुडघा पॅकेजमध्ये नाही

गुडघे झिजतात तसे किस्से साचतात. बंगळूरच्या जयनगरमधल्या पार्कात आम्ही मराठी बायका रोज फिरायला जातो, पण चालणं कमी आणि बाकावर बसून हॉस्पिटलांच्या गप्पाच जास्त. सध्याचा मान शालिनीताईंचा. त्यांना उजवा गुडघा बदलून पार्काला पुन्हा पूर्ण फेरी मारायची होती, आणि ताईंनी एकदा ठरवलं की ठरवलं!

*

मुलाने त्यांना एका चकचकीत प्रायव्हेट हॉस्पिटलात नेलं. बसल्याबसल्या ज्यूस आला, मागोमाग पॅकेज. आकडा ऐकून ताईंनी ज्यूस खाली ठेवला.

"यात गुडघा धरलाय ना?"

"इम्प्लांट एक्स्ट्रा, मॅडम."

"मग यात आहे काय?"

"रूम, नर्सिंग, ब्रेकफास्ट..."

"इडल्या मी घरी करते," म्हणून ताई उठल्या.

*

मुलगा म्हणाला, "मी लोन काढतो."

"तुझ्या फ्लॅटचे हप्ते फेड. माझ्या गुडघ्याचे नकोत."

हे आम्हाला पार्कात सांगताना ताई गुडघा चोळत होत्या. आम्ही कुणीच हसलो नाही.

*

सरकारी हॉस्पिटलात खर्च अगदी थोडा, पण रांग मोठी. डॉक्टरांनी नीट तपासलं आणि म्हणाले, "स्वल्प थांबा अम्मा, बेड रिकामा होऊ दे."

स्वल्प म्हणजे थोडं. पण रिक्षावाला असो की डॉक्टर, बंगळूरचं स्वल्प फार ताणतं. ताई लंगडत खेपा घालत राहिल्या.

*

ताईंचं कन्नड भाजीबाजारापुरतं. बेकु म्हणजे हवं, बेडा म्हणजे नको. एवढ्यावर सगळा संसार झाला.

एके दिवशी बेड रिकामा झाला. सिस्टरने विचारलं, "हासिगे बेका, अम्मा?"

ताई आनंदाने ओरडल्या, "बेड! बेड!"

"बेडा? सरी," म्हणत मान डोलावून सिस्टर पुढच्या बाईकडे वळली. घोटाळा लक्षात येईपर्यंत ती बाई चादर ओढून आडवी झाली होती.

*

मुलगा चिडला. ताई मात्र पुन्हा रांगेत. बेडला काय, गादीला काय, कन्नडमध्ये हासिगेच म्हणतात हे कळल्यावर आम्ही पार्कात त्यांची तालीमच घेतली. "हासिगे बेकु! हासिगे बेकु!"

नारळपाणीवाल्या अण्णाने प्रेमाने गादीच्या दुकानाचा पत्ता दिला.

*

शेवटी बेड मिळाला, गुडघा बदलला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ताई वॉकर धरून दारापर्यंत जाऊन आल्या होत्या. मुलगा उशाशी बसला होता.

"आई, ऐकलं मी तुझं. पण डाव्या गुडघ्याला तरी प्रायव्हेटला जाऊ या?"

ताईंनी अंगाखालची गादी थोपटली, सिस्टरकडे पाहिलं आणि स्वच्छ कन्नडमध्ये म्हणाल्या,

"बेडा."