पायावरचा विसावा

त्या वर्षी पोळ्याआधीच पावसानं पाठ फिरवली आणि मार्गशीर्ष लागेपर्यंत आमच्या गावच्या विहिरीचा तळ दिसायला लागला. तरी खंडोबाची काठी निघायची ती निघालीच. काठी म्हणजे दोन पुरुष उंचीचा कळकाचा बांबू, त्याला लाल-पिवळं कापड गुंडाळलेलं आणि टोकाला मोरपिसांचा झुबका. आमचे वाडवडील ज्या वाटेनं मेंढरं चारत यायचे, त्याच वाटेनं ती चार दिवस पायी चालत शहराच्या कडेला असलेल्या सातारा गावच्या खंडोबाला न्यायची.

काठीचा मान आमच्या घराकडे होता. मान राखायचा तर घरातल्याच माणसानं ती अनवाणी वाहायची, आणि वाटेतल्या विसाव्याच्या दगडांखेरीज कुठंही भुईला टेकू द्यायची नाही. टेकली, किंवा दुसऱ्या कुणाच्या हातात दिली, की भावकीतला जो ती उचलेल, मान त्याच्या घराचा. परत मागायची सोय नाही.

माझ्या वडिलांचं, आबांचं, कंबरडं आदल्या वर्षीच धरलेलं. ते कसेबसे सोबत चालत होते. भाऊ वाळूजच्या एका कंपनीत, त्याला चार दिवसांची रजा मिळेना. चुलत्यांनी तर काठी आपल्या घरी आलीच असं धरून नवं कापडसुद्धा आणून ठेवलं होतं. मी लग्न होऊन शहरात पुंडलिकनगरात राहते, मीही वाळूजलाच एका कारखान्यात लाइनवर उभी असते. मी रजेचा अर्ज टाकला, साहेबानं तोंड वाकडं केलं, आणि मी गावी जाऊन काठी खांद्यावर घेतली.

"पायीची वहाण पायीच बरी," चुलते भर चावडीत म्हणाले.

"मी अनवाणी आहे, काका," मी म्हटलं.

आबा काहीच बोलले नाहीत. हो नाही, नको नाही. त्याचाच मला जास्त राग आला होता, आणि खरं सांगायचं तर त्या रागावरच मी पहिले तीन दिवस चालले. चुलते सतत माझ्या मागं. मांजर बिळाशी बसतं तसे टपलेले. मी ठेचकाळले की त्यांची नजर आधी कळकाच्या बुडाकडे जायची, मग माझ्याकडे.

चौथ्या दिवशी चिकलठाण्याकडून शहरात शिरलो तेव्हा ऊन चढलं होतं. मातीत चालणं निराळं आणि सिमेंटच्या रस्त्यावर निराळं. माती पायाला सांभाळून घेते. एका गल्लीत टँकर आला होता, पन्नासेक घागरींची रांग लागलेली. माझे दोन्ही हात काठीला, ते बघून रांगेतली एक बाई न विचारता पुढं आली आणि तिनं टँकरच्या नळीखाली तांब्या भरून माझ्या तोंडात पाणी ओतलं. स्वतःची घागर अजून रिकामी होती तिची. "सांडू नका, बाई," एवढंच म्हणाली. मी थेंब सांडला नाही.

शेवटचा विसावा पुंडलिकनगराच्या कडेला एका लिंबाखाली होता. होता म्हणजे आबांच्या लहानपणी तिथं माळ होता, ते वाट दाखवत गेले आणि थांबले तेव्हा मी चक्रावलेच. मी जिथून चार वर्षं दूध आणते, त्याच दुकानासमोरची चार मजली इमारत. लिंब केव्हाच गेलेला, आणि गेल्या वर्षीपर्यंत कोपऱ्यात होता म्हणे तो दगडही नाही. पार्किंगमध्ये नवी फरशी आणि फाटकाला कुलूप. वॉचमन म्हणाला, "अंदर नहीं जाने का. सोसायटीवाले मेरे को बोलेंगे." त्याचं तरी काय चुकलं?

"दगडच नाय, तर विसावा कसला?" चुलते म्हणाले. "आता थेट देवळापर्यंत. नायतर दे इकडं."

देऊळ अजून दीड-दोन तासांवर. माझा खांदा सोलवटला होता, काठीवरची पकड सुटत चालली होती. पुढं जाणं होणार नाही हे मला कळलं होतं आणि त्यांनाही. त्यांनी हात पुढं केला. त्या हाताकडे बघून माझं डोकं फिरलं. मी काठी खांद्यावरून उतरवली आणि तिचं बूड माझ्या उजव्या पावलावर ठेवलं. भुईला नाही, पावलावर.

चुलते कडाडले, "देवाला पाय लावती?"

"देव माझ्या पायावर उभा हाय. तुमच्या दगडावर उभा ऱ्हायचा तवा चालत व्हतं ना?"

"दगड पवित्र असतोय."

"चार दिवस ह्याच पायानं आणलाय त्याला."

भावकीतली माणसं आबांकडे बघायला लागली. मीही बघितलं. या माणसानं आत्ता मला खोटं पाडलं तर आयुष्यभर माहेरची पायरी चढायची नाही, असं मी मनाशी ठरवूनसुद्धा टाकलं.

विसाव्यावर घरच्या कर्त्यानं दगडाला भंडारा लावायचा, मग सगळ्यांनी एकेक करून डोकं टेकायचं, आणि शेवटचा माणूस टेकला की काठी पुढं निघते. आबांनी कमरेची पिशवी सोडली. कण्हत, एका हातानं कंबर धरून ते रस्त्यावर बसले आणि चिमूटभर भंडारा माझ्या पावलाला लावला.

"आबा, नका," मी म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण पाय मागं घ्यायची सोय नव्हती.

"हालू नको," ते म्हणाले. "काठी हाय वर." आणि त्यांनी माझ्या पायावर डोकं टेकलं.

मला रडू फुटलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. भावकीतले एकामागून एक आले, टेकले, बाजूला झाले. वॉचमननंही फाटकातूनच हात जोडले. राहिले चुलते. ते दुधाच्या दुकानाच्या सावलीत उभे होते, जसं काही दूधच घ्यायला आले होते.

पाऊल बधिर झालं होतं. कळक बोटांत रुतत होता.

"काका," मी म्हटलं, "मला उद्यापर्यंत रजा हाय."

बऱ्याच वेळानं त्यांनी टोपी काढली आणि ते आले. ते खाली वाकले तेव्हा मी पाय तसूभरही हलवला नाही.