पाहुण्याला दिलेली उत्तरं

मला डॉक्टरेट मिळाली नाही, आणि ज्या माणसामुळे मिळाली नाही त्याला मी अजून माफ केलेलं नाही. ते पुण्याचे माझे मार्गदर्शक. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी बुलढाण्याच्या कॉलेजात वाणिज्य शिकवत होतो. फवारणी पंप बनवणाऱ्या एका कंपनीचा प्रश्न त्यांनी माझ्या गळ्यात मारला: गावोगावचे कोणते दुकानदार पंप ठेवत राहतील आणि कोणते परत करतील? त्यावरच माझा प्रबंध. आमच्या गावी, उंद्रीला, वडिलांनी तेव्हाच सगळ्यांना सांगून टाकलं, "आपला पोरगा डॉक्टर होऊन राह्यला."

सरांनी पंचवीस विधानं काढली. प्रत्येकापुढे पाच उत्तरं, 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत. एस.टी.चे धक्के खात मी गावोगावची दुकानं पालथी घातली. दुकानदार उठून मला खुर्ची देई, चहा सांगे आणि दर विधानाला म्हणे, "हाव, बरोबर हाये." नवी यंत्रं हवीत? हाव. जुनीच बरी? तेही हाव. साखरखेर्ड्याच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराला मी चिडून विचारलं, "काका, दोन्ही कसं बरोबर?"

तो हसला. "एवढ्या उन्हातून आले तुम्ही. आता तुमाले नाही म्हणून वापस पाठवू काय?"

सर मात्र घटक विश्लेषणावर लट्टू. पुष्कळ उत्तरं एकत्र चढत-उतरत असली, तर त्यांच्यामागे दडलेलं एखादंच कारण हुडकायचं, अशी ती पद्धत. परदेशातून नुकतेच शिकून आलेले, त्यात मुंबईला संगणकावर वेळ मिळालेला. मग मूळ प्रश्न काय आहे हे कोण बघतो! औषध आधी ठरवायचं आणि रोग मागाहून. उत्तरांमागे एकच मोठा घटक निघाला. सरांनी लगेच त्याचं बारसं केलं: 'आधुनिक दृष्टिकोन'.

मला आधी हसू आलं, मग संताप. "सर, हा पाहुणचार आहे," मी म्हणालो. "ज्याला भिडस्तपणा जास्त, त्याचे होकार जास्त. पण पंप खरोखर कोणी ठेवले, कोणी परत केले, याची यादी माझ्याकडे आहे. दोन गट समोर आहेत. ते कशामुळे वेगळे पडतात हे शोधणारं विभेदक विश्लेषण घ्यायला हवं. पंप दुरुस्त करणारा माणूस गावात आहे का, दुकान बाजारापासून किती लांब, हे सगळं मी टिपून आणलंय."

सरांनी चष्मा पुसला. "तुमच्या वऱ्हाडात चहा पाजतात, हे मी प्रबंधात येऊ देऊ? सांगतो ती पद्धत वापरायची, नाहीतर दुसरा मार्गदर्शक शोधायचा."

मी उत्तरांचा गठ्ठा उचलला आणि परत आलो. दुसरा मार्गदर्शक मिळाला नाही. माझ्यासाठी सरांशी वाकडं कोण घेणार?

वडिलांना सांगितलं तेव्हा ते बैलांना वैरण टाकत होते. "काऊन बे? त्यानं म्हटलं तसं लिहून देलं असतं त तुह्यं काय गेलं असतं?"

"खोटं होतं ते, बाबा."

"मंग आता साऱ्या गावाले मी काय सांगू?"

मी तणतणत बाहेर पडलो. गावाला त्यांनी काय सांगितलं, हे पुढे कधी विचारलंही नाही.

ते कळलं वडील गेले त्या दिवशी. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं दाटली होती. त्यांच्या वयाच्या एका शेजाऱ्यानं मला पाहिलं आणि गर्दी हटवली. "सरका बे, डॉक्टरसाहेबाले येऊ द्या! शेवटपर्यंत बापाच्या तोंडात हेच होतं, माहा पोरगा डॉक्टर हाये."

खोटं लिहायचं नाही म्हणून सगळ्यावर पाणी सोडलेला मी, त्या वाटेनं डॉक्टरसाहेब म्हणूनच पुढे गेलो.