पंचमीचा डबा

तुम्ही काहीही टाकायला निघालात की समोर एक हात यायचा. गोरा, आखूड बोटांचा, मनगटात एकच हिरवी बांगडी. ती काचेची नव्हती, दगडाची होती. आणि हाताच्या मागून आवाज यायचा, "टाकू नका. द्या इकडं."

तुमच्याही वस्तीत अशी एखादी बाई असेल, जिच्यापुढे कचऱ्याची टोपली घेऊन जायची चोरी. येलदरीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत आमच्या वाट्याला काकू आल्या होत्या. मी तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि त्यांचं घर माझ्या घराला भिंतीला भिंत लागून होतं. त्यामुळे माझा कचरा सगळ्यात आधी त्यांच्या नजरेला पडायचा. सोललेल्या लसणाची सालं तेवढी मला मनासारखी टाकता आली.

काकू कलकत्त्याच्या चिनी. त्यांचे आजोबा तिथे येऊन स्थायिक झालेले, वडिलांचं चपला-बुटांचं दुकान. आमच्या जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याचा एक गडी फौजेत ट्रक चालवत होता, तो बुटाला टाच ठोकून घ्यायला दुकानात गेला आणि पुन्हा पुन्हा जात राहिला. "टाच तर एकदाच ठोकली होती," काकू सांगायच्या. फौजेतून सुटून तो वीज केंद्रात ड्रायव्हर झाला. वसाहत त्याला मेजर म्हणायची. फौजेतून आलेला प्रत्येक माणूस आमच्याकडे मेजरच असतो.

बाजारात लोक काकूंना नेपाळी समजायचे. त्या खुलासा करायच्या नाहीत. फार कुणी खोदलं तर म्हणायच्या, "मी चारठाण्याची सून हाय." मराठी त्या मेजरकडून शिकल्या होत्या, त्यामुळे त्यात चारठाणा आणि फौजेतली हिंदी सारख्याच प्रमाणात होती. आमच्या शाळेच्या इन्स्पेक्टरांना त्यांनी एकदा "लय बारीक झालात की ओ साहेब, खाना खायलाव का न्हाई?" असं विचारलं आणि साहेब बराच वेळ स्वतःच्या पोटाकडे बघत राहिले.

त्यांचं घर म्हणजे वसाहतीने टाकलेल्या वस्तूंचं सासर. सोड्याच्या बाटल्यांची बुचं तारेत ओवून केलेलं पायपुसणं. केबलच्या रंगीत वायरींच्या विणलेल्या टोपल्या. विजेच्या खांबावर तारा बांधतात त्या चिनीमातीच्या फुटक्या चिमण्या उलट्या करून त्यात लावलेला पुदिना. वीज केंद्राच्या मोठ्या साहेबांच्या मोडक्या छत्रीच्या कापडाची त्यांनी बाजाराची पिशवी शिवली होती, आणि ती घेऊन त्या साहेबांच्याच बंगल्यावरून ऐटीत जायच्या. माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी जरीचं तोरण आणून दिलं. मी फार खूश झाले. दोन दिवसांनी काठाकडे नीट पाहिलं तर ती माझीच फाटकी पैठणी होती. माझंच मला आहेर करून वर त्यांनी चहाही घेतला होता.

स्वयंपाकाचंही तसंच. ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्याचा त्यांनी लोहाराकडून रुंद सुरा घडवून घेतला होता. विळी त्यांना जमली नाही. "बसून भाजी चिरायची? माझी भाजी पळून जाईल," असं म्हणत त्या ओट्यापाशी उभ्या राहायच्या आणि लाकडाच्या ओंडक्यावर सुरा चालवायच्या. टक टक टक टक. त्या आवाजावर आमच्या आळीतली घड्याळं लावावीत. कोबी, कांद्याची पात, आलं, सगळं दोन मिनिटांत काडीसारखं बारीक.

धरणातला मासा त्या आल्याच्या चकत्या घालून नुसत्या वाफेवर शिजवायच्या. ना तिखट, ना काळा मसाला. मासे खाणाऱ्या शेजारणी एकदा हौसेने जेवायला गेल्या आणि "आजाऱ्याचं जेवण गं बाई" म्हणत परत आल्या. आमचं घर शाकाहारी, म्हणून माझ्या वाट्याला कोबी आणि मुगाच्या मोडाचा भात यायचा. तो मात्र मी ताट चाटूनपुसून खाल्लेला आहे. कलकत्त्याहून त्यांचा भाऊ सोयाबीनच्या काळ्या रसाची बाटली पाठवायचा. मेजर ती आल्यागेल्याला दाखवायचे, "गाडीचं ऑइल हाय. काकू त्यात भाजी करती."

असं सगळं हसतखेळत चाललेलं. एकाच ठिकाणी काकूंचं हसू थांबायचं, आणि ते ठिकाण चारठाण्याला होतं.

मेजरांचं घर लिंगायत. त्यांची आई गळ्यात लिंग असलेली, नेमाची, मासळीचा वाससुद्धा न चालणारी. सुनेशी ती कधी वाकडं बोलली नाही. फक्त सुनेच्या हातचं पाणीही घेतलं नाही. वर्षातून एकदोनदा लेकाला बघायला यायची तर भाकरी आणि चटणी फडक्यात बांधून आणायची, पाणी माझ्याकडे प्यायची, झोपायची माझ्याकडे, आणि परत जाऊन गावात सांगायची, "सुनंकडं राहून आले." तिचं म्हणणं सरळ होतं. "ज्या भांड्यात मासा शिजला त्यात मी कशी खाऊ, बाई?" काकूंनाही ते पटायचं. पण म्हातारी माझ्या ओसरीवर भाकरी सोडून बसली की काकू त्यांच्या ओट्यावर उगाच काहीतरी विणत बसायच्या आणि वीण चुकायची. एकदा मला म्हणाल्या, "बाई, माझ्या हातचं एक घास खाल्लं की मी तिची सून. तोवर मी नुसती मेजरची बायको."

त्या वर्षी श्रावणात मेजरांचा पाय मोडला. प्लॅस्टर घालून ते खाटेवर पडले आणि नागपंचमीच्या आदल्या दिवशी म्हातारी त्यांना बघायला आली. तिचा भावाचा उपवास होता, म्हणून भाकरी आणली नव्हती. लेकाच्या डोक्यावरून हात फिरवायचा, रात्री माझ्याकडे पाठ टेकायची आणि सकाळच्या गाडीने पंचमीला घरी, असा तिचा बेत होता. पण ती विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची वर्षं. औरंगाबादेकडे काही झालं की इकडे एसटी बंद. सकाळी स्टँडवर कळलं, आज एकही गाडी सुटणार नाही.

म्हातारी परत माझ्या ओसरीवर येऊन बसली. मी आनंदाने म्हटलं, आज माझ्याकडेच पूजा करा, उपवास सोडा. पुरण शिजवायला टाकलं. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज सुरू झाला.

टक टक टक टक.

म्हातारीने मान वर केली. "पंचमीच्या दिशी कोण चिरायलंय?"

तुम्हाला सांगायला नको, पंचमीला आपल्याकडे चिरत नाहीत, कापत नाहीत, तवा ठेवत नाहीत. जे काही करायचं ते उकडून, जशी पुरणाची दिंडं. हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं की काकूंना ते कुणी सांगितलेलंच नव्हतं. घरच्या चुलीपाशी ज्या सुनेला कुणी बसवलं नाही, तिला चुलीचे नेम कळणार कुठून? दर पंचमीला तो आवाज आम्ही ऐकायचो आणि त्यांची रीत असेल म्हणून सोडून द्यायचो.

मी धावत गेले. काकू घामाघूम होऊन कोबी चिरत होत्या. सासू थांबली म्हटल्यावर त्यांनी सकाळपासून घर धुतलं होतं, आज काही नाही तर केळीच्या पानावर तरी वाढीन म्हणून. मी सांगितलं. सुरा तसाच ओंडक्यावर राहिला आणि काकू खाली बसल्या.

"मला कुणी सांगितलं का न्हाई, बाई?"

दारात म्हातारी येऊन उभी राहिली होती. उंबऱ्याच्या आत तिने पाय ठेवला नव्हता.

"आत्याबाई, मला ठाऊक न्हवतं," काकू म्हणाल्या. मग जणू स्वतःशीच, "आमच्यात पण असतंय. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सुरी धरत न्हाईत. माझी आई आदल्या रात्रीच सगळ्या सुऱ्या लपवून ठेवायची. मी अजून धरत न्हाई त्या दिवशी."

"का बरं?"

"नशीब कापलं जातं म्हणत्यात."

म्हातारीने यावर विचार केला. "आमच्यात नाग कापला जाईल म्हून," ती म्हणाली. "मंग त्या दिशी खाता काय?"

"मासमच्छी न्हाई. आदल्या दिवशीचं, न्हाईतर वाफेवरचं. गोड सारण भरून उंडे."

"डाळीचं सारण?"

"डाळीचंच. लाल."

म्हातारी परत माझ्या ओसरीवर गेली नाही, दोन्ही घरांच्या मधे अंगणात दगडावर बसली. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता रडतील. त्या म्हणाल्या, "बाई, तुमचा तेलाचा डबा रिकामा झालाय न्हवं? टाकू नका. द्या इकडं."

बेत त्यांनी उभ्या उभ्या केला. भांडं मासळी न बघितलेलं हवं, तर माझ्या घरचा गोडेतेलाचा डबा. कणीक माझी, परात माझी, पुरणही माझं. चूल अंगणात, तीन दगडांची. कणकेत दही आणि सोडा घालून त्यांनी ती झाकून ठेवली आणि डबा राखेने घासायला घेतला. आता झाकणाला भोकं पाडायची, म्हणजे ते डब्यात उलटं बसवून खालून वाफ येणार. खिळा झाला, दगड झाला, आणि तेवढ्यात आळीतल्या बायका जमल्या. एक म्हणाली, आज भोक पाडलेलं चालतं का? दुसरी म्हणाली, पत्रा फाडणं म्हणजे कापणंच. तिसरीच्या माहेरी तर सुईसुद्धा धरत नव्हते. काकू हातात खिळा घेऊन एकेकीच्या तोंडाकडे बघत होत्या.

सगळ्या म्हातारीकडे वळल्या. वयाने आणि नेमाने तीच मोठी. तिने एक शब्द काढला असता तर डबा तिथेच राहिला असता.

म्हातारीने पदर सावरला. "भोक पाडणं म्हंजी चिरणं न्हवं," ती म्हणाली. "पाड, पाड. कवाचा उपास हाय माझा."

पहिला खिळा वाकडा गेला. मग मात्र ठोक्याला ठोका लागला.

पुरण भरून त्या उंडा अशा वळवत होत्या की वर एकात एक चुण्या येत आणि मधे गाठ बसे. म्हातारी मान लांब करून बघत होती. "मोदक हाय का दिंड?" तिने विचारलं. "चारठाण्याचं दिंड, कलकत्त्याची गाठ," मेजर खिडकीतून ओरडले. डब्यातून वाफ सुटली. वारुळाची पूजा झाली, दूध-लाह्या झाल्या. काकूंनी केळीच्या पानावर टम्म फुगलेला उंडा ठेवला, वर तूप सोडलं आणि पान सासूपुढे ठेवून चार पावलं मागे सरकल्या.

म्हातारीने तो फोडला. वास घेतला. गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि घास तोंडात घातला.

बराच वेळ चावून ती म्हणाली, "पुरणात वेलदोडा कमी हाय."

"ते बाईंचं पुरण हाय!" काकू ताडकन म्हणाल्या. "माझा नुस्ता उंडा!"

म्हणजे सासूने नाव ठेवलं सुनेला, सुनेने ढकललं माझ्यावर, आणि शिजवून शिजवून मी मेले त्याचं कुणाला काही नाही. पण सांगते, मला इतका आनंद माझ्या कुठल्याच पुरणाच्या कौतुकाने झाला नव्हता. म्हातारीने दुसरा उंडा मागितला. काकू तो वाढायला उठल्या आणि वाढता वाढता मोठ्याने रडल्या. अजिबात लपवलं नाही.

पुढे मेजर निवृत्त होऊन चारठाण्याला गेले, माझी बदली जिंतूरला झाली. ऐकायला यायचं, पंचमीला त्या घरची चूल काकूंकडे असते आणि अर्धी गल्ली गाठीची दिंडं मागायला येते. त्यांच्या मासळीचं काय झालं ते मी विचारलं नाही. मेजरांचं शेत पूर्णा नदीच्या बाजूला होतं आणि शेतावर एक वेगळं पातेलं होतं, एवढं कानावर होतं.

काकू गेल्याचं कळलं तेव्हा त्यांना जाऊन महिना झाला होता. मी चारठाण्याला गेले. मेजर खाटेवर बसून होते, त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. मला ओळखलं. काकूंच्या आजाराचं तिने थोडक्यात सांगितलं आणि मग तक्रार करावी तसं म्हणाली, "शेवटपत्तोर वेलदोडा कमीच घालायची बघा. मी लय सांगितलं."

मी घरात द्यायला फराळाचा पुडा नेला होता. बोलता बोलता त्याची सुतळी सोडली आणि गोळी करून दाराबाहेर टाकायला हात उचलला.

समोर एक हात आला. काळा, शिरा वर आलेला, मनगटात हिरवी दगडाची बांगडी.

"टाकू नगा, बाई. द्या हिकडं."

तिने सुतळी सरळ केली, दोन बोटांभोवती गुंडाळली आणि उठून खुंटीवरच्या डब्यात टाकली. तोच डबा होता. सुतळीचं एक टोक झाकणाच्या वाकड्या भोकातून बाहेर लोंबत होतं. तिने ते बोटाने आत ढकललं आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली.